कबरस्थानातला भोपळा

बाबा, तुमच्या अंगावर वाढलेला भोपळा मी मागच्या शनिवारी तोडला. तुम्हाला विचारून तोडायला हवा होता, पण विचारणार कसं? चक्रीवादळात कबरस्थानाची मागची भिंत पडली ती अजून पडलेलीच आहे. कमिटी दर वर्षी ठराव करते आणि दर वर्षी पैसे चर्चच्या छपराला जातात. त्या खिंडारातून गुरं येतात, बकऱ्या येतात, आणि या पावसात कुठूनसा भोपळ्याचा वेल आला. आईच्या कबरीवर पसरला, तुमच्या क्रुसावर चढला आणि बरोबर तुमच्या छातीवर येईल असा एक भोपळा त्यानं धरला. एकच, पण चांगला सात-आठ किलोचा. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, मला हसू फुटलं, आणि मग ते थांबेचना. शेवटी गुडघे दुखायला लागले म्हणून तिथंच बसले. एकतीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन. एवढ्या वर्षांत मी येत होते, गवत काढत होते, मेणबत्ती लावत होते आणि तोंड मिटून घरी जात होते. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती याच भोपळ्याच्या जातीची आहे. आज सुट्टी आहे, तर बसले आहे लिहायला. कुठं पोचेल असं काही नाही.

घरचं विचाराल तर चाललंय. तुमच्या जावयांची वाडी त्या वादळात आडवी झाली. बारा माडांतले पाच उभे राहिले, पोफळींचं तर नावच काढू नका. नवी रोपं लावली आहेत, पण त्यांना नारळ धरेपर्यंत जावई सत्तरीला टेकतील. त्यांची शुगर वाढलेली, डोळा अधू झालेला, तरी सकाळी उठून रोपांना पाणी घालतात आणि मला हाक मारून सांगतात, “बघ गं, पान फुटलंय.” मी म्हणते, “पानाची भाजी करू का?” बिचारे पाण्याची बादली उचलून पुढच्या रोपाकडे जातात. मला नंतर वाईट वाटतं, पण माझी जीभ आईवर गेली आहे, तिला मी काय करू? तुमचा नातू पनवेलला आहे. त्याचे घराचे हप्ते आहेत, पोरांच्या शाळा आहेत, त्याच्याकडे हात पसरत नाही. मी समुद्राकडच्या एका होमस्टेमध्ये स्वयंपाकाला जाते. पर्यटक येतात शनिवारी-रविवारी, त्यामुळे देवाचा वार आणि पोटाचा वार एकच झाला आहे. महिन्यातले तीन रविवार मी तिथं सुरमई तळत असते आणि आपल्या चर्चची घंटा लांबून ऐकते. पाळकसाहेब रागावत नाहीत, भेटले की नुसतं “दिसला नाहीत” म्हणतात. रागावले असते तर बरं वाटलं असतं. कमाईतला दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, तो दशांश तर केव्हाच सुटला. जेवणाआधीची प्रार्थना मात्र करते हं. कधी कधी मधेच विसरते की कशाबद्दल आभार मानत होते, तरी आमेन म्हणते आणि घास घेते.

मागच्या रविवारी सुगीचा सण होता. त्या दिवशीची मी होमस्टेची सुट्टी मागून घेतली, म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. पहिल्या पिकातलं, वेलावरचं, खुराड्यातलं काहीतरी देवापुढे आणून ठेवायचं आणि उपासना संपली की त्याचा लिलाव करायचा, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याला गंमत वाटते. आपल्याला त्यात गंमत कधी वाटलीच नाही. रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच डोक्यात. आणि यंदा घरात न्यायला खरंच काही नव्हतं. माडांचे होते ते नारळ होमस्टेला दिले होते, कोंबड्या मुंगसानं नेल्या, तांदूळ रेशनचा. रेशनचा तांदूळ देवापुढे कसा ठेवायचा? म्हणून शनिवारी संध्याकाळी विळा घेऊन तुमच्याकडे आले.

तुम्हाला तो दुसरा भोपळा आठवतोय, मला माहीत आहे. मी तेव्हा सतरा वर्षांची. तुम्ही आगरदांड्याच्या लाँचवर तिकिटं फाडायचात आणि पलीकडे दिघीला लाँच लागली की उडी मारून दोर बांधायचात. सगळा गाव तुम्हाला तिकीटमास्तर म्हणायचा. पावसाळ्याचे चार महिने लाँच बंद, तुमचा पगार बंद. त्या वर्षी तर लाँचचं इंजिनच गेलं होतं, पाऊस सरला तरी ती धक्क्यावर पडून होती. तुम्ही सवयीनं रोज सकाळी खांद्याला ती खाकी पिशवी अडकवून धक्क्यावर जायचात आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायचात. आई पेजेला मीठ घालायची आणि म्हणायची, “आज किती लोकं गेली हो पलीकडं?” तुम्ही म्हणायचात, “आज वाराच गेला नुसता.” तशात माझं नर्सिंगचं निघालं. आपल्यात मुलगी दहावी झाली की नर्स, नाहीतर बालवाडीची बाई, तिसरं कुणाला सुचायचंच नाही. घाटावरच्या मिशनच्या दवाखान्याचा फॉर्म आला. त्याबरोबर इंग्रजीत एक पत्र होतं. ते तुम्हाला वाचता येत नव्हतं, आईला तर नाहीच, म्हणून ते मी वाचलं. फॉर्मबरोबर शंभर रुपये भरायचे होते. आईनं मंगळवारच्या बाजारात तिची बकरी विकली. गाभण बकरी, बाबा. तिला नेताना ती आईकडे मान वळवून वळवून ओरडत होती आणि आई घरात जाऊन भांडी घासत बसली.

तुम्ही रोज विचारायचात, “बाय, तारीख काय हाय त्या फॉर्मची?” आणि मी म्हणायचे, “आहे अजून.” तुमचं ठरलं होतं: हेडमास्तर सोमवारी अलिबागला जाणार होते, रविवारी उपासना झाली की पैसे आणि फॉर्म त्यांच्या हातात द्यायचा, तिथून पाठवायचं ते बघतील. घराला धड कडी नव्हती म्हणून शंभराची नोट तुमच्या शर्टाच्या खिशात, सेफ्टीपिन लावून. फॉर्म आणि पत्र माझ्या हातात, घडी करून. पदराला कितीही पुसला तरी कागदाची शाई फुटेल असा माझ्या हाताला घाम.

तुम्ही खिडकीजवळच्या बाकावर बसला आहात. मी बायकांच्या बाजूला, आईशेजारी. लिलाव हेडमास्तरच करताहेत, त्यांचा आवाज धक्क्यापर्यंत जातो. डॉक्टरीणबाईंचा केक तीस रुपयांना जातो. घेणारा तो परत देवाला देतो, परत लिलाव, परत पंचवीस. एक कोंबडी सुटून प्रवचनाच्या पुलपिटवर चढते, पोरं खिदळतात. मग हेडमास्तर तो भोपळा उचलतात. तो आणला होता कबरस्थानाशेजारच्या खोपटात राहणाऱ्या बाईनं, जी चर्चची झाडलोट करायची. सगळे तिला कबरवाली म्हणायचे, तुम्ही एकटे मावशी म्हणायचात. ती कधी बाकावर बसत नसे, दाराशीच उभी राहायची. “कोण बोलतं?” हेडमास्तर म्हणतात आणि कुणीच बोलत नाही. मागून कुजबुज येते, “कबरस्थानातला हाय तो. मेलेल्यांवरचा येल.” मी त्या बाईकडे बघते. ती भोपळ्याकडे बघत नाही, छताकडे बघते.

“पाच,” तुम्ही म्हणालात. हेडमास्तरांना हायसं वाटलं. “पाच रुपये एक वार...” आणि तुम्ही दाराकडे बघितलंत, आणि म्हणालात, “दहा.” हेडमास्तर म्हणाले, “अहो मास्तर, पाच तुमचेच आहेत.” तुम्ही म्हणालात, “माहीत आहे. दहा.” लोक हसले. तुम्हीही हसलात, आणि “वीस” म्हणालात. मग “पन्नास”. हसणं थांबलं. आईनं माझा दंड धरला, तिची नखं रुतली. तुम्ही सेफ्टीपिन काढत होतात, ती निघत नव्हती, आणि खाली मान घालून पिनेशी झटापट करता करताच तुम्ही म्हणालात, “एकशे एक.” वरचा एक रुपया तुमच्या दुसऱ्या खिशात होता, दानाच्या थैलीत टाकायला ठेवलेला. हेडमास्तर तीन वार म्हणायचं विसरून गेले.

बाहेर आल्यावर मावशी तुमच्या पाठोपाठ आली. “मास्तर, ग्वाड हाय ओ. येल कबरीवर न्हाय, माझ्या छपरावर व्हता. कुनी इचारलंच न्हाय.” तुम्ही म्हणालात, “मला ठाव हाय, मावशी.” तुम्हाला ठाऊक नव्हतं, बाबा. तुम्हाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हेडमास्तरांनी विचारलं, “मास्तर, ते फॉर्मचं?” तुम्ही म्हणालात, “पुढच्या साली बघू.” आणि भोपळा खांद्यावर घेऊन चालायला लागलात.

घरी आल्यावर आई जी सुटली! “सोताच्याच बोलीवर बोली! आख्ख्या मंडळीत तुमच्यावर चढनारा कोनी न्हाय, म्हनून तुमीच चढलात व्हय? माझी बकरी गेली, पोरीचं गेलं, आन् आला काय, तर भोपळा!” मी तो भोपळा पायानं ढकलला आणि तो चुलीपर्यंत गडगडत गेला. तेव्हा तुम्ही मला बोललात, आयुष्यात एकदाच. “खायच्या वस्तूला पाय लावायचा नाही. राग माझ्यावर काढ.” मी म्हटलं, “आणि माझं काय?” तुम्ही म्हणालात, “तुझं होईल.” पंधरा दिवस आम्ही तो भोपळा खाल्ला. भाजी, सांबारं, शेवटी उरल्यावर आईनं उसना गूळ आणून घारगे केले. रागानं थापलेले, एक जाड एक पातळ. मी एकही खाल्ला नाही. भोपळा मला बाधतो म्हणून सांगायला लागले, आणि तेव्हापासून आजवर सांगते आहे.

पुढच्या साली तुम्ही पैसे जमवलेत. मी म्हटलं, आता नको, स्थळ येतंय. तुम्हाला वाटलं, पोर आपल्याला सांभाळून घेतेय. तुमच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं आणि मी ते दिसू दिलं. लग्नात तुम्ही मला सगळ्यांच्या देखत भांड्यांचा सेट दिलात आणि निघताना गुपचूप एक थर्मामीटर दिलात, काचेचा, काळ्या डबीतला. म्हणालात, “नर्स नाही झालीस, निदान हा घरात असू दे.” मी तो फेकून मारणार होते. नाही मारला. आमच्या आळीत कुणाला ताप आला की अजून मलाच बोलावतात. महामारीत ते पिस्तुलासारखं यंत्र आलं तेव्हा जावई म्हणाले, टाक आता तो जुना. मी डबी परत कपाटात ठेवली. पारा अजून चढतो त्याचा.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी माहेरीच होते. दुपारची वेळ, आई मच्छी आणायला गेलेली. मी तुमच्या काखेतून थर्मामीटर काढला, उजेडात धरला आणि म्हटलं, “एकशे एक.” तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, “परत?” आणि आपण दोघं हसलो. हसता हसता तुम्हाला ढास लागली, मी पाणी पाजलं, आणि मग तुम्ही म्हणालात, “त्या भोपळ्यापायी तुझं राहून गेलं, बाय. मला माफ कर. मला मावशीचं तोंड बघवेना.” खोलीत कुणी नव्हतं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी थर्मामीटर झटकत राहिले आणि म्हटलं, “झोपा आता.” चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तर मागचा रविवार. आता आपली अकरा घरं उरली आहेत, बाकीची मुंबईला नाहीतर पुण्याला. दानाच्या थैलीबरोबर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र फिरतं, त्याच्यावर फोन धरला की दान जातं. लिलाव करायला कमिटीचा सेक्रेटरी उभा राहिला, बँकेत आहे, पोरगा भला आहे. केक गेला, अंडी गेली, कुणीतरी आणलेली फ्रीझरमधली कोळंबी चढाओढीनं गेली. मग त्यानं दोन्ही हातांनी माझा भोपळा उचलला. “किती बोलता?” कुणी बोललं नाही. माझ्या मागची बाई तिच्या सुनेला म्हणाली, “कबरस्थानातला गं तो. मी तोडताना बघितलं हिला.” खरंच होतं, यावेळी खरंच कबरीवरचा होता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, बाबा. सात किलोचा भोपळा आजकाल नेणार कोण, कापणार कोण, घरात दोन-दोन माणसं. पण ती जी शांतता पडली ना, पंखा फिरल्याचा आवाज येत होता तेवढाच, ती मी कधी या बाजूनं ऐकली नव्हती. मीही छताकडे बघायला लागले. नवीन पत्रे घातले आहेत, एका कोपऱ्यातून अजून गळतं.

माझ्या पर्समध्ये सहाशे रुपये होते, जावयांच्या रक्ताच्या तपासणीचे. जावयांनी कोपर मारलं, “बोल की. आपलाच आहे, आपणच घेऊ.” मी तोंड उघडलं. पाच एवढा शब्द आणायचा होता. तुमच्या खिडकीकडे बघितलं, तिथं आता साऊंडचा डबा ठेवतात. नाही आला शब्द. सेक्रेटरीनं भोपळा हळूच बाजूला ठेवला, “नंतर बघू” म्हणाला आणि नारळ उचलला. नंतर कुणी बघितलं नाही. मी तो पिशवीत घालून घरी आणला, सहा आसनी रिक्षात मांडीवर घेऊन, आणि सगळ्या वाटेत मला तुमची ती सेफ्टीपिनेशी झटापट दिसत होती. दुसऱ्याच्या वाट्याची तेवढी एक मिनिटाची शांतता तुम्हाला सोसली नाही. आणि मी तुम्हाला, त्या रविवारपासून तुम्ही जाईपर्यंत, अकरा वर्षं तसंच उभं ठेवलं.

हे पत्र कबरीवर ठेवलं तर बकऱ्या खातील, आणि पाळकसाहेबांना दाखवलं तर ते त्यावर प्रवचन करतील. कपाटात त्या काळ्या डबीखाली राहील. काल मी घारगे केले. चार खाल्ले, जावई बघतच राहिले, म्हणाले, “तुला बाधतो ना?” मला कधीच बाधला नव्हता. आणि आता ते दुसरं. मला नर्स व्हायचं नव्हतं, बाबा. घाट चढून त्या परक्या गावात जायची, रक्ताची, रात्रपाळीची मला भीती वाटत होती, आणि बकरी विकल्यावर ते सांगायची त्याहून जास्त. म्हणून फॉर्म ट्रंकेत कपड्यांखाली ठेवून मी दिवस जाऊ दिले. त्या रविवारी हेडमास्तरांनी पत्र उघडलं असतं तर पहिल्या ओळीतच त्यांना कळलं असतं, म्हणून माझ्या हाताला तो घाम होता. तुम्ही “एकशे एक” म्हणालात तेव्हा सगळ्या चर्चमध्ये एकटी मी सुटले. राग नंतर आला, तो बरा पडला, आणि मी तो सांभाळून वापरला. तुम्ही रोज विचारत होतात, बाय, तारीख काय हाय त्या फॉर्मची. शुक्रवार होती, बाबा. भोपळ्याच्या आधीचा शुक्रवार.